एका घरात दोन ठाव

मिरजेत त्या वर्षी दारावर निळ्या कापडाची पट्टी दिसली की माणसं आपोआप पावलं हलकी टाकत. पट्टी म्हणजे आत कुणीतरी निजलेलं. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी रोज ठरल्या वेळीच सुरू व्हायची, कारण तिच्या घरघरीवर गल्लीतले कितीतरी निजलेले जीव आपली सकाळ ओळखत. पाववाल्याला हाक बदलायची मुभा नव्हती. शाळा सुटली की पोरं आरडाओरडा करत पळत आणि त्यांना कुणी गप्प करत नसे. ती आधी ओरडत होती, म्हणून आताही त्यांनी ओरडायला हवं होतं. सगळं गाव कुणाच्या तरी स्वप्नात शिरल्यासारखं जपून, संथ चालत होतं.

गिरिजा मगदूम पुण्याहून येऊन आपल्याच घरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याही दारावर निळी पट्टी होती.

हे घर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून बांधलेलं. यजमान गेले, गिरिजाबाईंची पोस्टातली नोकरी संपली, आणि मुलगा सन्मती त्यांना पुण्याला घेऊन गेला. घर वाघमोड्यांना भाड्याने दिलं. हणमंत वाघमोडे बेदाण्याच्या शीतगृहात यंत्रं सांभाळायचा. त्याची बायको केतकी घरी शेंगदाण्याची चटणी करून विकायची. माणसं चांगली होती. मधल्या काळात त्यांनी फोनवर काही ना काही विचारलं की गिरिजाबाई, करा हो तुम्हाला सोयीचं पडेल तसं, एवढंच म्हणायच्या. काय विचारलं होतं ते पुढे त्यांच्या लक्षातही राहत नसे.

मग निजसाथ आली.

या आजारात सुरुवातीला नुसती कणकण यायची. अंग जरा गरम, तोंडाला चव नाही, एवढंच. दोन-चार दिवसांत ती उतरायची आणि माणूस झोपी जायचा तो महिनोन्महिने. श्वास चालू, चमच्याने पाजलं तर गिळायचा, कूस बदलायचा, पण जागा व्हायचा नाही. पहिल्या लाटेत घरमालक घाबरले. आजारी भाडेकरूंना त्यांनी गाद्यांसकट उचलून बाहेर काढलं. एका शहरात तर अशा लोकांची एका सभागृहात रांगेने सोय केली होती, स्वच्छ, हवेशीर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यातलं एकही माणूस उठलं नाही. जे आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात राहिले ते मात्र एकेक करून डोळे उघडू लागले. तिथून शास्त्रज्ञांना धागा सापडला.

आपल्या मेंदूत खोलवर समुद्रघोड्याच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्यात स्थानपेशी असतात. माणूस उंबऱ्यापाशी असला की एक पेशी चमकते, खिडकीशी गेला की दुसरी, माठापाशी तिसरी. या पेशी मिळून आपल्या राहत्या जागेचा एक नकाशा सतत काढत असतात, म्हणून आपण काळोखातही न चाचपडता पाण्याचा तांब्या उचलतो. निजसाथीचा विषाणू नेमका हा नकाशा विसकटून टाकी. मग मेंदू झोपेत जाऊन तो पुन्हा जुळवायला बसे. निजलेला माणूस स्वप्नात आपल्या घरभर हिंडत राही, आणि खोलीचा वास, दाराची करकर, रस्त्यावरचे आवाज त्याला सांगत राहत, हो, बरोबर चाललायस. नकाशा भरला की माणूस जागा होई. मधेच त्याला हलवलं, किंवा त्याच्याभोवतीचं घर बदललं, तर कानांना एक आणि स्वप्नाला दुसरं सांगितलं जाई, आणि तो आत कायमचा हरवे.

ज्या जागेच्या आधाराने माणूस परत येऊ शकतो तिला ठाव म्हणू लागले. ठावरक्षण कायदा झाला. साथ संपल्याचं जाहीर होईपर्यंत निजलेल्या माणसाला त्याच्या जागेतून काढायचं नाही, मग ती जागा कुणाच्याही मालकीची असो. भिंत पाडायची नाही, रंग द्यायचा नाही, कपाटही सरकवायचं नाही.

गिरिजाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. तरी त्या आल्या होत्या, कारण पुण्यात त्यांची तपासणी झाली होती. मुलाने इतक्या वर्षांत तीन जागा बदलल्या होत्या आणि बाविसाव्या मजल्यावरच्या त्या घरात गिरिजाबाईंचा ठाव कुठेच लागला नव्हता. तिथे निजलात तर उठाल असं सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांना फार हळू आवाजात सांगितलं. त्यांचा ठाव होता तो मिरजेच्या घरात. सन्मतीने वकील गाठला. वकिलाचं म्हणणं असं की मालकिणीचा ठाव भाडेकरणीच्या ठावापेक्षा जुना आहे, आणि एका शहरात न्यायालयाने अशा जुन्या ठावाच्या बाजूने कौल दिलेलाही आहे. तो मिळवायचा तर मिरजेच्या ठाव अधिकाऱ्यांचा अहवाल हवा होता.

ठाव अधिकारी म्हणजे डॉक्टर मेहरुन्निसा बारगीर. मेंदूविकारांच्या तज्ज्ञ, पन्नाशीच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. त्यांनी गिरिजाबाईंना पुढच्या खोलीत बसवलं, डोक्यावर बारीक तारांची जाळीची टोपी घातली आणि डोळे मिटून घरात चालायला सांगितलं. नुसतं मनात.

गिरिजाबाई चालू लागल्या. उंबरा, डावीकडे यजमानांची खुर्ची, मधल्या खोलीची भिंत, तिच्यातला कोनाडा, मग वळून स्वयंपाकघर. त्यांनी शेगडी पेटवली, दूध ठेवलं. मिटल्या डोळ्यांनी त्यांचे हात हवेत हलत होते आणि चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की दाराशी उभ्या असलेल्या हणमंतने नजर दुसरीकडे वळवली.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर त्यांना हाताला धरून आत घेऊन गेल्या. मधली भिंत नव्हती. स्वयंपाकघर मागच्या पडवीत गेलं होतं. हेच वाघमोड्यांनी कधीतरी फोनवर विचारलं होतं. आणि जुन्या स्वयंपाकघरात, बरोबर शेगडीच्या जागी, एक पलंग होता. पलंगावर केतकी निजली होती. तिशीची, सावळी, केसांची नीट वेणी घातलेली. तिचा उजवा हात चादरीवर गोल गोल फिरत होता.

काय करतेय ती, गिरिजाबाईंनी विचारलं.

हणमंत म्हणाला की शेंगदाणे भाजतेय. दिवसभर तिचं तेच चालतं.

तिघं पडवीत येऊन बसली. डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगून टाकलं.

"घर एकच आहे, काकू. पण तुमच्या डोक्यात एक आहे आणि तिच्या डोक्यात दुसरं. तुमच्या शेगडीवर तिची उशी आहे. तुमचं घर परत उभं करायचं तर भिंत बांधावी लागेल, पलंग हलवावा लागेल. म्हणजे तिचं मोडावं लागेल."

"ती उठेल का?"

"उठेलसं वाटतं. नकाशा भरत आलाय."

"आणि मी निजले तर?"

"आज, या अशा घरात, नाही उठणार तुम्ही. भिंत नाही तिथे स्वप्नात भिंत शोधत राहाल."

हणमंत मान खाली घालून ऐकत होता. त्याने विनवणी केली नाही, की कायदा काय म्हणतो तेही बोलून दाखवलं नाही. आतून चादरीवर फिरणाऱ्या हाताची सळसळ येत होती. गिरिजाबाई बराच वेळ ती ऐकत राहिल्या. त्या काही फार मोठ्या मनाच्या बाई नव्हत्या. पोस्टाच्या खिडकीवर रांग मोडणाऱ्याला त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती. पण या रांगेत ती पोर त्यांच्या पुढे उभी होती, हे त्यांना साफ दिसलं.

"माझ्या वयात नवा ठाव लागतो का हो डॉक्टर?"

"तरुणपणी आपसूक लागतो. या वयात लावून घ्यावा लागतो. पण नुसतं बसून नाही लागत. हातांनी वावरावं लागतं, कामं करावी लागतात, चुकावं लागतं. तेवढी सवड आजार देईल की नाही, ते मी नाही सांगू शकत."

गिरिजाबाईंनी सन्मतीला फोन करून वकिलाला नको म्हणून सांगितलं. तो चिडला, मग रडला. त्यांनी आपली पिशवी पुढच्या खोलीत ठेवली आणि त्या आपल्याच घरात नव्या सुनेसारख्या राहू लागल्या. डबे कुठले, विळी कुठे, पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो, सगळं हणमंतला विचारावं लागे. सुरुवातीला त्यांचं कपाळ कितीदा तरी हवेवर आपटलं. म्हणजे जिथे भिंत असायला हवी तिथे पोचल्या की त्या थबकत आणि मग न आपटताच दचकून पुढे जात.

हणमंत कामाला गेला की घर दोघींचं. केतकीच्या ठावाला तिच्या घराचे वास हवेत, म्हणून आतापर्यंत हणमंत पहाटे उठून मूठभर शेंगदाणे भाजायचा आणि करपवायचा. ते काम गिरिजाबाईंनी घेतलं. शेंगदाणे झाले, मिरची झाली, आणि मग लसूण आला. मगदूमांच्या जैन घरात लसूण कधी शिरला नव्हता. गिरिजाबाईंनी पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून तो ठेचला. महिन्याभरात पदर सुटला. नंतर नंतर त्या ठेचता ठेचता केतकीशी बोलायच्या. उत्तर यायचं नाही, पण आतला हात जरा वेळ थांबायचा आणि पुन्हा फिरू लागायचा. दुपारी ऊन पडवीतून घरात उतरायचं, गिरणीची घरघर लांबून यायची, आणि त्या दोघींपैकी कोण जागं आणि कोण स्वप्नात, असा प्रश्न गिरिजाबाईंना मधूनच पडायचा.

अशाच एका दुपारी आतून आवाज आला. बसका, खूप दिवस न वापरलेला.

"शेंगदाणे उतरवा, लागतील."

गिरिजाबाईंनी आधी कढई उतरवली. मग त्या आत गेल्या. केतकी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

हणमंतने निळी पट्टी काढली आणि गल्लीत पेढे वाटले. केतकी भिंतीला धरून चालायला लागली, मग धरल्याशिवाय. ही बाई कोण हे तिला समजावून सांगावं लागलं, पण आवाज ओळखीचा वाटतो असं ती म्हणाली. तिने गिरिजाबाईंना जायला सांगितलं नाही आणि गिरिजाबाईंनी भाड्याचा विषय काढला नाही. तिघं जेवायला एकत्र बसू लागली.

पावसाळा सरल्यावर डॉक्टर बारगिरांनी पुन्हा जाळीची टोपी आणली. या खेपेला गिरिजाबाई मनातल्या मनात सरळ मधल्या खोलीतून पडवीत गेल्या, कुठेही न थबकता. डॉक्टर यंत्राकडे बघून हसल्या. मग त्यांनी पुन्हा बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं.

ठाव लागलाय, त्या म्हणाल्या. पण तरुण माणसाचा ठाव भिंतींवर, दारांवर बसतो. गिरिजाबाईंचा बसला होता तो केतकीच्या बांगड्यांच्या आवाजावर, हणमंतच्या चपला काढण्याच्या पद्धतीवर, लसणाच्या वासावर. भिंती होत्या, पण पुसट. उतारवयात कधीकधी असं होतं, डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आणखी एक सांगितलं. कायद्यात सोबतीचं कलम होतं. निजलेल्याच्या ठावात जी माणसं असतील, त्यांनाही साथ संपेपर्यंत घर सोडता येत नसे.

"कायदा झाला तेव्हा आम्ही कपाटांचा विचार केला होता," डॉक्टर म्हणाल्या. "माणसांचं नंतर लक्षात आलं."

हे ऐकता ऐकता केतकीने ताटं उचलली.

तिचं दुखणं वेगळंच होतं आणि ते तिने गिरिजाबाईंनाच सांगितलं, हणमंतच्याही आधी. जिथे ती इतके दिवस निजली होती त्या खोलीत तिला डोळे मिटायची भीती वाटायची. जरा डुलकी लागली की वाटायचं, आपण पुन्हा त्याच घरात फिरायला लागलो, तीच कढई, तेच दार, आणि बाहेर पडायची वाटच नाही. ती पडवीत झोपायची, दिवा लावून. भिंतीकडे बघितलं तरी तिला धाप लागायची.

"मला या घरातून जायचंय, काकू. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळे नाही."

गिरिजाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, जा बाई. साथही आता ओसरत होती. निळ्या पट्ट्या विरळ झाल्या होत्या. हणमंतला नाशिककडच्या नव्या शीतगृहात काम मिळालं, तिथेच राहायला दोन खोल्या. सामान बांधायला गिरिजाबाईंनीच मदत केली. चटणीच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळताना केतकी गाणं गुणगुणत होती. ती गाते हे गिरिजाबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

टेम्पो सकाळी आला. खाट गेली, कपाट गेलं, कढई गेली. घर मोकळं होत गेलं तसा त्यात आवाज घुमायला लागला. गिरिजाबाई पुढच्या खोलीत बसून होत्या. आदल्या दिवसापासून त्यांच्या तोंडाला चव नव्हती. अंग जरासं गरम होतं. हवा बदलली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं होतं.

केतकी शेवटची पिशवी घेऊन पाया पडायला वाकली. टेम्पोवाल्याने बाहेरून हाक दिली. आणखी थोडा वेळ गेला असता, टेम्पो वळणापलीकडे गेला असता, तर पुढे जे बोलल्या ते गिरिजाबाईंना कुणालाच सांगावं लागलं नसतं. हेही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"केतकी, मला कालपासून कणकण आहे."

केतकी वाकलेली तशीच राहिली. मग तिने सरळ होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. तिचा चेहरा गिरिजाबाईंना नीट दिसला, आणि त्यांनी तो पुन्हा कधी आठवायचा नाही असं ठरवलं. काय झालं ते बाहेर हणमंतला कुणी सांगितलं नाही. त्याने दारातून आत बघितलं आणि टेम्पोकडे जाऊन कपाटाचे दोर सोडायला सुरुवात केली. कपाट होतं तिथे गेलं. कढई होती त्या खिळ्यावर गेली. केतकीने बरण्यांवरचे कागद एकेक करून काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाबाईंचे डोळे जड झाले, आणि दारावर पट्टी लागली.

आत ऊन होतं. गिरिजाबाई घरभर चालत होत्या. सुरुवातीला घर धूसर होतं, पाण्याखाली असावं तसं. मग बांगड्या वाजल्या आणि पडवी उजळली. चपला निघाल्याचा आवाज आला आणि उंबरा जागेवर बसला. लसणाचा वास आला, त्याच्यामागून शेगडी आली, डबे आले, खिडकी आली. एकेक वस्तू आपलं नाव सांगत आपल्या जागी उभी राहत होती. त्या किती काळ चालत होत्या ते त्यांना उमगत नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. पाय दुखत नव्हते. शेवटी उरलं फक्त पुढचं दार. तेही एक दिवस आलं, कडीसकट.

दारापलीकडून आवाज येत होते, जवळचे, तरी मऊ. डॉक्टर बारगीर कुणाशी तरी बोलत होत्या.

"ठाव पूर्ण भरलाय. यंत्रात काहीच कमी दिसत नाही. कधीच उठायला हव्या होत्या."

"मग का उठत नाहीत?" हा केतकीचा आवाज. दमलेला.

"मला नाही माहीत. असे बरेच झालेत आता. सगळे वयस्क."

मग हणमंतने काहीतरी विचारलं, आणि डॉक्टर म्हणाल्या की पट्टी आहे तोवर साथ संपली असं धरत नाहीत, म्हणून नाही जाता येणार. गावात ही शेवटचीच पट्टी असली तरी नाही. पावलं लांब गेली. थोड्या वेळाने कुणीतरी एका जागी बसून दबक्या आवाजात रडलं, मग उठलं, मग कढई खिळ्यावरून निघाल्याचा आवाज झाला. शेंगदाणे तडतडू लागले.

गिरिजाबाईंनी कडीला हात लावला. ती सहज निघण्यासारखी होती. ती काढली की डोळे उघडणार, पट्टी सुटणार आणि टेम्पो येणार, हे त्यांना उमगलेलं होतं. ती पोर पडवीत दिवा लावून झोपते, हेही त्यांना आठवत होतं. त्यांनी हात तसाच कडीवर ठेवला. मागे वास दरवळला, खमंग, आता लसणाचा येईल, मग बांगड्या.

एवढी चटणी होऊ दे, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि त्या आत वळल्या.

पलंगापाशी चमच्याने पाणी पाजायला आलेल्या केतकीला त्यांच्या ओठांवर हसू दिसलं. तिने ओठांवरचं पाणी पुसलं, आणि गिरिजाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने बांगड्या हलवत ती लसूण सोलायला बसली.